पाचशे किलोच्या आत

आधीच सांगून ठेवते, मला आजवर तोंडावर कुणी जाडी म्हटलेलं नाही. तेवढी हिंमत कुणात नाही. मी पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार विभागाची प्रमुख आहे, पन्नाशी ओलांडली आहे, आणि आमच्या विभागाच्या रस्सीखेच संघात दोराच्या टोकाला मी उभी राहते. रस्सीखेच लांबून बघणाऱ्यांना वाटतं, आठ बायका ओळीने उभ्या राहिल्या आणि ओढलं, त्यात काय मोठंसं. पण टोकाची बाई वेगळी. तिच्या पाठीवरून दोर येतो, काखेतून खाली जातो, आणि पुढच्या सात जणींचे पाय सुटायला लागले की त्यांना धरून ठेवायचं काम तिचं. ती हलली की संघ गेला. मी हलत नाही. आमच्याकडे हलक्या गटाचा करंडक मुक्कामालाच आलेला आहे, आणि तो माझ्या टेबलामागच्या कपाटावर असतो, म्हणजे माझ्याशी बोलायला येणाऱ्याला तो बघावाच लागतो.

आता तक्रार विभागातल्या बायका रस्सीखेचेत इतक्या चांगल्या का, असा प्रश्न पडेल. त्याचं उत्तर सोपं आहे. दिवसभर आम्ही फोनवर असतो. नळाला पाणी नाही. पाणी आहे पण गढूळ आहे. पाणी आहे, स्वच्छही आहे, पण शेजाऱ्याला जास्त येतं. या सगळ्याला आम्ही गोड आवाजात उत्तर देतो. ज्या बाईने आठवडाभर गोड आवाजात उत्तरं दिली आहेत तिच्या हातात शनिवारी दोर द्या आणि मग बघा.

तर हलक्या गटाचा नियम असा की आठही जणींचं मिळून वजन पाचशे किलोच्या आत पाहिजे. त्यावर गेलं की खुला गट. खुल्या गटात आमच्या खात्यात एकच महिला संघ आहे, तो भांडार विभागाचा. त्या बायका दिवसभर लोखंडी व्हॉल्व्ह आणि पाइपचे तुकडे उचलून फळ्यांवर ठेवतात. त्यांच्यासमोर उभं राहायला कुणी धजत नाही, त्यामुळे दरवर्षी त्या मैदानावर येतात, नुसत्या उभ्या राहतात, आणि न ओढताच करंडक घेऊन जातात.

आमचं वजन मोजायची पद्धत फार सभ्य होती. स्पर्धेच्या दोन-तीन महिने आधी क्रीडा सचिव उपाहारगृहात यायचे आणि आम्हाला एकेकीला वजन विचारायचे. आम्ही सांगायचो. ते बेरीज करायचे. आता उपाहारगृह म्हणजे काय, आजूबाजूच्या टेबलांवर पुरुष मंडळी चहा पीत बसलेली, आणि सचिवांनी "वजन?" म्हणताच त्यांच्या कपबश्यांचा आवाज बंद. अशा ठिकाणी बाईमाणूस काय सांगणार? मी यंदाही पासष्ट सांगितलं. हा आकडा खोटा नव्हता. फक्त जुना होता. माझी मुलगी शाळेत होती तेव्हाचा. माझ्यामागोमाग बाकीच्या सात जणींनी सांगितलं, बेरीज चारशे अठ्ठ्याण्णव आली, आणि आम्ही एकमेकींना टाळ्या दिल्या.

गडबड झाली ती पुढच्या आठवड्यात. क्रीडा सचिव नवीन होते. गळ्यात शिट्टी अडकवूनच जेवायला बसायचे. त्यांनी परिपत्रक काढलं की यंदापासून स्पर्धेच्या दिवशी सकाळी प्रत्येक खेळाडूचं वजन प्रत्यक्ष करण्यात येईल. कशावर? तर भांडारातल्या काट्यावर, ज्यावर व्हॉल्व्ह मोजतात. परिपत्रक मीच विभागात वाचून दाखवलं. सगळ्या जणी शांत होत्या. आमच्यात एक आहे, तिला आम्ही बारकी म्हणतो. दोरावर ती माझ्या बरोब्बर पुढे असते. तिने तर जांभईसुद्धा दिली. मी मनात म्हटलं, बघा, खरं बोललेल्या माणसाला कशी झोप येते.

त्या संध्याकाळी घरी येताना औषधांच्या दुकानातल्या काट्यावर उभी राहिले. त्र्याहत्तर. खाली उतरले, पर्स बाजूला ठेवली, चपला काढल्या, पुन्हा चढले. त्र्याहत्तर. दुकानदार म्हणाला, काटा अगदी बरोबर आहे हो. मी त्याला विचारलं नव्हतं.

म्हणजे मी आठ किलो लपवले होते. संघ मुळात दोन किलोने आत होता, तेव्हा पाचशेच्या आत राहायचं तर मला सहा किलो उतरवणं भाग होतं. नाहीतर स्पर्धेच्या सकाळी, सगळ्या खात्यासमोर, माझ्या एकटीमुळे संघ बाद होणार. बाद होण्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे मला काढून माझ्या जागी कुणीतरी सडपातळ मुलगी उभी करणे. ते मात्र मला मरेपर्यंत चाललं नसतं. मी नोकरीत वरिष्ठांची बोलणी खाल्ली आहेत, घरात सगळ्यांच्या वेळा सांभाळल्या आहेत, पण दोराच्या टोकाची जागा माझी आहे. ती मला कुणी दिलेली नाही. मी घेतलेली आहे.

वजन कमी करायचं ठरवलं की ते गुपित ठेवता येत नाही, हे मला माहीत नव्हतं. मी फक्त एका रात्री जेवायला बसले नाही. आमच्या ह्यांनी विचारलं, बरं नाही का. मला सांगावं लागलं. आमचे हे नकाशे काढतात. माणूस सज्जन आहे, पण कुठल्याही गोष्टीचा आलेख काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. सकाळी उठून बघते तर फ्रिजच्या दारावर मोठा चौकटीचा कागद, त्यावर सुबक रेघा. मी आकडे घालायची सक्त मनाई केली. मग त्यांनी घरात वजनकाटा आणला आणि नुसती रेघ ओढायला सुरुवात केली. समोरच्या वहिनी साखर मागायला आल्या, त्यांनी आलेख पाहिला आणि विचारलं, धरणाची पातळी का? हे म्हणाले, साधारण तसंच.

समोरच्या वहिनींना मग सगळं कळलंच. वहिनींनी मागे स्वतःचं वजन चांगलं उतरवलं होतं आणि नंतर ते सव्याज परत आलं होतं, त्यामुळे उतरण्याच्या कामात त्या स्वतःला तज्ज्ञ समजतात. परत येण्याचा विषय निघाला की त्या थायरॉइडकडे बोट दाखवतात. त्यांनी मला सांगितलं, सकाळी कोमट पाणी, दुपारी कोबीचं सूप, संध्याकाळी कोबीचं सूप, आणि भूक लागली तर कोमट पाणी. मी विचारलं, आणि जेवण? त्या म्हणाल्या, तेच तर सोडायचंय ना. माझ्या नणंदेचा फोन आला. ती म्हणाली, कोबी अजिबात नको, वात होतो, फक्त फळं. तिच्या जावेने सांगितलं, फळं म्हणजे साखर, विषच. मी सगळ्यांचं ऐकलं. म्हणजे एकेक करून सगळंच सोडलं. शेवटी माझ्या ताटात काकडी उरली, तिच्याविरुद्ध अजून कुणी बोललं नव्हतं.

पहिल्या काही दिवसांत दोन किलो उतरले. हे खूश. रेघ खाली आली. मी आरशासमोर वळून वळून बघितलं. मग रेघ थांबली. मी काकडी अर्धी केली. रेघ वर गेली. मला हे अजून समजलेलं नाही. माणूस हवेवर जाड होऊ शकतो, असं जर शास्त्र असेल तर ते आम्हाला शाळेत का शिकवलं नाही?

बरं, उपाशी बाई तक्रार विभागात बसवू नये. एका गृहस्थांनी फोनवर सांगितलं की त्यांच्याकडे पाण्याला जोर नाही, आणि मला एकदम रडू आलं. मी त्यांना म्हटलं, जोर कुणातच नाही हो राहिलेला. ते बिचारे घाबरून माझीच समजूत घालायला लागले. दुसऱ्या दिवशी एका बाईंना मी इतकं फाडकन बोलले की त्यांनी तक्रार विभागाविरुद्ध तक्रार नोंदवायला पुन्हा फोन केला. तो बारकीने घेतला आणि तीही त्यांना तसंच बोलली.

सरावाची तर शोभाच होती. आम्ही झाडाला दोर बांधून सराव करतो. त्या महिन्यात झाडाने आम्हाला हरवलं, असं म्हणायला हरकत नाही. मी पाय रोवले की टाचा घसरायच्या. मला वाटायचं, माझ्यामुळे सगळ्या ढिल्या पडताहेत. गंमत म्हणजे सरावानंतर उपाहारगृहात कुणीच काही मागवायचं नाही. जी ती घरून खाऊन आलेली असायची. मी मनात म्हणायची, बरं झालं, माझ्याकडे कुणाचं लक्ष नाही.

शेवटी एका शनिवारी दोर ओढता ओढता माझ्या डोळ्यांपुढे काळोख आला आणि मी शांतपणे खाली बसले. बसले, पडले नाही, हा फरक मी सगळ्यांना समजावून सांगितला. तरी ह्यांनी मला डॉक्टरीणबाईंकडे नेलंच.

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाची. तिने रक्त तपासलं. थायरॉइड ठीक, साखर ठीक. मग तिने विचारलं, काय खाता? मी अभिमानाने सांगितलं, काकडी. तिने पेन खाली ठेवलं. नंतर तिने जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते, कारण तिच्या शब्दांत ते फार अपमानास्पद होतं. म्हणे, या वयात पाळी जायच्या सुमाराला शरीरातली संप्रेरकं कमी होतात, चरबी मांड्यांवरून उठून पोटावर येऊन बसते, आणि जोडीला स्नायू झिजत जातात. स्नायू कमी म्हणजे बसल्या जागी होणारा खर्च कमी. पूर्वी जेवढं खाऊन चालायचं तेवढंच आता जास्त होतं. आणि त्यात उपाशी राहिलात की शरीर उरलेसुरले स्नायूही खाऊन टाकतं. तुमची भट्टी आधीच मंद झालीय, त्यात तुम्ही सरपण काढून घेताय, असं ती म्हणाली.

मी विचारलं, मग करू काय? तिची यादी ऐकून मला वाटलं हिचं डोकं फिरलंय. अंडी खा, कडधान्यं खा, दही खा, पोटभर खा पण शेवटचा घास सोडा. वेळेवर झोपा. आणि वजन उचला. मी म्हटलं, बाई गं, मी वजन उतरवायला आलेय. ती म्हणाली, उचलल्याशिवाय उतरणार नाही, आणि उतरलं नाही तरी चालेल. पोटाचा घेर मोजा, काट्याकडे बघू नका.

काट्याकडे बघू नका. तिला काय माहीत, माझा काटा भांडारात माझी वाट बघत बसला होता.

पण चक्कर येऊन बसलेली बाई वाद घालत नाही. मी उचलायचं ठरवलं. आमच्या कार्यालयात व्यायामशाळा आहे, निदान तशी पाटी आहे. किल्ली मागायला गेले तर कळलं, आत जुने मीटर भरून ठेवले आहेत, ते हलवायला भांडाराची मंजुरी लागते, भांडाराने मंजुरी द्यायला क्रीडा सचिवांचं पत्र लागतं, आणि क्रीडा सचिव म्हणाले, व्यायामशाळा वापरात असल्याचा दाखला आणलात तर पत्र देतो. मी नाद सोडला. घरी पाण्याचे दोन मोठे कॅन होते. ते भरले आणि मागच्या खोलीत उचलायला लागले. जन्म पाण्याच्या खात्यात काढला, पण पाणी इतकं जड असतं हे मला तेव्हा कळलं.

सुरुवातीला कॅन जमिनीवरून सुटेना. मग गुडघ्यापर्यंत आला. मग कमरेपर्यंत. हे दाराशी उभे राहून मोजायचे आणि मी त्यांना गप्प बसवायची. अंडी खायला लागल्यापासून मला माणसात आल्यासारखं वाटायला लागलं होतं. एका सकाळी दोन्ही कॅन छातीपर्यंत नेले, आणि त्या आनंदात जरा जोरात खाली ठेवले. घाईत होते, तशीच ऑफिसला गेले.

दुपारी सगळ्या मुली फोनवर होत्या म्हणून एक फोन मी स्वतः घेतला. एक वयस्कर गृहस्थ संतापून सांगत होते की त्यांच्या छतातून पाणी गळतंय. आवाज ओळखीचा वाटला. पत्ता सांगितला आणि मला घाम फुटला. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका. त्यांनी मला ओळखलं नाही, कारण ऑफिसात मी गोड बोलते. नियमाप्रमाणे मला प्रश्न विचारणं भाग होतं. गळती कुठून? वरून. वर कोण राहतं? काका म्हणाले, एक बाई राहते, सकाळी सकाळी काहीतरी आपटत असते, आम्हाला वाटतं नवऱ्याला. मी म्हटलं, आपली तक्रार नोंदवून घेतली आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व. आणि खरोखरच नोंदवून घेतली. मी माझ्या कामात आजवर हयगय केलेली नाही, ती स्वतःसाठीही करणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी आमच्याच खात्याचा निरीक्षक घरी आला. दार मी उघडलं. तो खाडकन सावधान उभा राहिला. मी त्याला मागच्या खोलीत नेलं, तळ फुटलेला कॅन दाखवला आणि सगळं सांगितलं, वजन सोडून. तो अडचणीत पडला. गळतीची मंजूर कारणं तीनच: पाइप, टाकी, व्हॉल्व्ह. त्याने फार विचार करून 'इतर' लिहिलं, तर 'इतर' असल्यास खुलासा करावा लागतो. त्याने खुलासा केला, "प्रमुख बाईंचा व्यायाम." तो अहवाल सही होऊन माझ्याच टेबलावर आला, आणि टेबलावर यायच्या आधी अख्ख्या इमारतीत फिरून आला. पुढचे दोन दिवस लिफ्टमध्ये लोक माझ्या दंडांकडे बघत होते. मी बाह्या जरा वर घेतल्या. बघायचंच आहे तर नीट बघा.

काकांच्या छताला आम्ही रंग दिला, नवा कॅन आणला, खाली जाड गोधडी घातली, आणि काम चालू ठेवलं. स्पर्धा जवळ आली तेव्हा माझे ब्लाउज पोटावर सैल आणि दंडावर घट्ट झाले होते. पूर्वी मी दोन जिने चढले की थांबायची, आता थांबत नव्हते. झोप लागत होती. झाडाला दोर बांधला की झाड करकरायला लागलं होतं. पुढे उभी असलेली बारकी एकदा मागे वळून माझ्याकडे बघत राहिली.

स्पर्धेच्या सकाळी घरून निघण्यापूर्वी काट्यावर उभी राहिले. एकाहत्तर. एवढी अंडी, एवढे कॅन, एवढी अब्रू, आणि दोन किलो. म्हणजे संघ अजून चार किलोंनी वर होता, माझ्या एकटीमुळे.

मैदानाशेजारच्या खोलीत सगळ्या कपडे बदलत होत्या. भांडारातला काटा बाहेर आणून ठेवला होता आणि क्रीडा सचिव शिट्टी घालून त्याच्याजवळ उभे होते. मी ठरवलं, तिथे सगळ्या खात्यासमोर तोंडघशी पडण्यापेक्षा आपल्या माणसांना आपण सांगावं. दार लावून घेतलं.

"मी पासष्ट सांगितलं होतं," मी म्हटलं. "मी एकाहत्तर आहे. तेव्हा त्र्याहत्तर होते."

मला वाटलं, आता या सगळ्या मिळून माझ्यावर तुटून पडणार. मग बारकी बाकावर बसली आणि बुटांकडे बघत म्हणाली की तिने पंचावन्न सांगितलं होतं, पण ती साठ आहे, आणि परिपत्रक आल्यापासून दुपारी फक्त टोमॅटो खातेय. मग कोपऱ्यातून एक आवाज आला. मग दुसरा. फोनवर सर्वांत गोड बोलणारी आमची मुलगी तर सात किलोंचं खोटं बोलली होती. आठही जणी तेव्हापासून एकमेकींपासून लपून वजन उतरवायला बघत होत्या, आणि प्रत्येकीला वाटत होतं की संघ तिच्या एकटीमुळे बुडणार. एकीने पाठ केलेलं कोबीचं सूप सांगितलं, ते हुबेहूब समोरच्या वहिनींचं होतं. कुणीतरी हसायला लागलं, मग हसू आवरेना, आणि बाहेरून शिट्टी वाजायला लागली.

खरी बेरीज पाचशे एक्केचाळीस आली. मी ती स्वतः सचिवांना जाऊन सांगितली, काट्यावर चढायच्या आधी. त्यांनी नियमावली उघडली. माणूस नियमाचा असला तरी वाईट नव्हता. त्यांनी आमच्यासाठी वाट शोधली. नियमाप्रमाणे सात जणींचा संघही चालतो. सर्वांत जास्त वजनाची एक खेळाडू वगळली तर आम्ही चारशे सत्तर, म्हणजे हलक्या गटात आरामात. बाकीचे हलके संघ आमच्यासमोर टिकत नाहीत, सात जणीही जिंकतील. करंडक राहील. त्यांनी हे हळू आवाजात सांगितलं आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.

मी म्हटलं, वगळा. दुसरं काय म्हणणार होते? करंडक विभागाचा होता. मी टोकाच्या बाईने बांधायचा कंबरेचा पट्टा सोडायला लागले. बक्कल निघेना. खरं सांगते, मला त्या वेळी इतकं वाईट वाटत होतं की समोरचं मैदान मला धड दिसत नव्हतं. तेव्हा बारकीने माझा हात धरला.

"पट्टा राहू द्या," ती म्हणाली. "बाकीच्या तुमच्यापासून लांब असतात, मी तुमच्या लगेच पुढे असते. मला दोर कळतो. हा महिनाभर तो एकदाही पुढे सरकलेला नाही. तुम्ही मागे नसाल तर मी उभी राहणार नाही."

मी म्हटलं, मला दया नको. ती म्हणाली, दया कसली, मला हात सोलून घ्यायचे नाहीत. बाकीच्यांकडे बघितलं तर त्या सचिवांकडे बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर दर शनिवारचा भाव होता. गोड आवाजात उत्तरं देऊन दमलेल्या बायकांचा. आम्ही हलक्या गटातून नाव काढून घेतलं आणि खुल्या गटात घातलं. सचिवांनी शिट्टी तोंडात धरली, पण वाजवायचं विसरले.

भांडाराच्या बायका नेहमीप्रमाणे नुसत्या उभ्या राहायला आल्या होत्या. समोर संघ बघून त्यांना आधी खरंच वाटेना. त्यांच्या टोकाला आक्का असते. आक्का म्हणजे काय सांगू, ती व्हॉल्व्ह काखेत धरून चहा पिते. तिने आम्हाला पाहिलं आणि पदर खोचला. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला एक क्षण पळून जावंसं वाटलं.

खुल्या गटात खेळाडूंची वजनं माइकवरून सांगायची पद्धत आहे. सचिवांनी एकेकीचं नाव घेतलं आणि वजन सांगितलं. माझ्यापाशी आले तेव्हा त्यांना सभ्यता आठवली असावी. ते म्हणाले, अडुसष्ट. मी ओळीतून बाहेर आले, मैदान ओलांडून त्यांच्यापर्यंत गेले, आणि माइक हातात घेतला.

"एकाहत्तर," मी म्हटलं.

माइक चांगला होता. पार भांडाराच्या शेडपर्यंत ऐकू गेलं. आमचे हे कुंपणापाशी उभे होते, त्यांनी एकट्यानेच टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मग इतरांनीही वाजवल्या. मी माझ्या जागेवर परत आले, दोर पाठीवरून घेतला आणि टाचा रोवल्या.

पहिली खेच भांडाराने घेतली. आम्ही नीट श्वास घेतोय तोवर ती संपलीसुद्धा. दुसरी आम्ही घेतली. हे मी पुन्हा सांगते, कारण तिथे नसलेल्यांना ते खोटं वाटतं: दुसरी खेच आम्ही घेतली. दोर माझ्या खांद्याला कापत होता, बारकी पुढे दात ओठ खात होती, आक्का समोरून बैलासारखी ओढत होती, आणि मला मागच्या खोलीत कॅन उचलताना वाटायचं तसंच वाटत होतं, गुडघ्यापासून कमरेपर्यंत, कमरेपासून छातीपर्यंत. मग आक्काची टाच घसरली. भांडाराची टाच घसरलेली त्या मैदानाने पूर्वी कधी पाहिली नव्हती. तिसरी खेच किती वेळ चालली मला माहीत नाही. शेवटी आम्ही हरलो. पण आम्हाला फरफटत नेता आलं नाही, पावला पावलाने गेलो, आणि मी शेवटपर्यंत पायावर उभी होते.

आम्ही जमिनीवर बसून पाणी पीत होतो तेव्हा आक्का आमच्याकडे आली. करंडक तिने दुसऱ्या कुणाकडे तरी देऊन टाकला होता. ती माझ्याजवळ उकिडवी बसली आणि न विचारता माझा दंड दाबून बघितला, व्हॉल्व्ह घट्ट बसलाय का बघतात तसा.

"एकाहत्तर म्हणालात ना, बाई?"

मी मान हलवली.

"कमी आहे," आक्का म्हणाली. "पुढच्या वर्षी तीन-चार किलो वाढवून या. इथे, दंडात. आमच्याकडे सकाळी माल उतरवायला हात कमीच असतात, वाटलं तर या उचलायला."

एवढ्या महिन्यांत, एवढ्या लोकांत, मला वजन वाढवा असं सांगणारी ही पहिली बाई. मी बारकीकडे पाहिलं, मग उठून उभी राहिले आणि आक्काला विचारलं, माल किती वाजता येतो.